मुंबईतली उरलीसुरली मातीची टेनिस कोर्ट उखडू नका

प्रति,
मुंबईतील सर्व जिमखान्यांच्या आणि टेनिस क्लबांच्या व्यवस्थापन समित्या,
तसेच शहरात टेनिस स्पर्धा भरवणारे सर्व संयोजक

सप्रेम नमस्कार.

मी परळला राहतो. गेली एकतीस वर्षं टेनिस शिकवतो. त्याआधी मार्कर होतो, म्हणजे सभासदांशी खेळायला जिमखान्याने ठेवलेला पगारी खेळाडू, आणि त्याच्याही आधी शाळा सुटली की चाळीतून धावत येणारा बॉल बॉय. ज्या जिमखान्यात चेंडू उचलत मोठा झालो त्याचं नाव इथे घेणार नाही, त्या घरचं मीठ खाल्लं आहे. पण गेल्या महिन्यात तिथल्या सूचना फलकावर एक कागद लागला. उरलेली तीन मातीची कोर्ट काढून त्या जागी सिंथेटिक, म्हणजे हार्ड कोर्ट करायचा प्रस्ताव येत्या वार्षिक सभेपुढे येणार आहे. असे कागद मी गेल्या पंधरा-वीस वर्षांत बऱ्याच फाटकांच्या आत वाचले. प्रत्येक वेळी गप्प बसलो. म्हणून हे पत्र एका समितीला न लिहिता आपणा सर्वांना लिहितो आहे.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. मुंबईत जी मातीची कोर्ट शिल्लक आहेत ती राहू द्या. आणि त्या मातीवर दर हिवाळ्यात पुरुष एकेरीची एक व्यावसायिक स्पर्धा भरवा, अगदी खालच्या पायरीची असली तरी चालेल.

८ जून २०२५ची गोष्ट सांगतो. रविवार होता. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच मुंबईत येऊन बसला होता, त्यामुळे कोर्ट बंद. पॅरिसच्या मातीवर होणाऱ्या फ्रेंच ओपनची पुरुष एकेरीची फायनल बघायला माझ्याकडची सात मुलं घरी आली होती. दहा बाय बाराची खोली, बायकोने पोह्यांचं मोठं पातेलं चढवलेलं. साडेसहाला मॅच सुरू झाली आणि संपली तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. ५ तास २९ मिनिटं. त्या स्पर्धेच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली फायनल. इटलीचा सिनर पहिले दोन सेट घेऊन पुढे. चौथ्या सेटमध्ये स्पेनचा अल्काराझ ३-५ने मागे, सर्व्हिस त्याचीच आणि स्कोअर शून्य-चाळीस. सिनरला तीन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे त्यातला एक घेतला की स्पर्धा त्याची. एक मुलगा चपला घालून उठलासुद्धा, त्याला शेवटची लोकल पकडायची होती. तो दारातच उभा राहिला आणि पुढचा सव्वा-दीड तास तसाच उभा होता. अल्काराझने तिन्ही वाचवले, तो सेट टायब्रेकमध्ये घेतला आणि पाचवा सेट सुपर टायब्रेकमध्ये १०-२ असा काढला.

त्या गोंगाटात तेरा वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, "सर, हा एवढा घसरत जातो, मग पडत कसा नाही? आम्ही असं केलं तर गुडघा फुटेल."

मी म्हटलं, उद्या दाखवतो. आणि बोलून गेल्यावर लक्षात आलं की उद्या दाखवायला माझ्याकडे जागा नाही. आम्ही शिकवतो ते हार्ड कोर्ट. डांबराच्या थरावर ॲक्रिलिकचे हात मारलेलं. तिथे मुलांचा बूट धरून राहतो. मोठे खेळाडू आता हार्ड कोर्टवरही घसरतात, पण तेरा वर्षांच्या मुलीला ते तिथे शिकवायला मी धजावणार नाही. घसरणं मातीवरच शिकायचं असतं. आणि त्यातली खुबी टीव्हीवर दिसत नाही. चेंडू मारून झाल्यावर घसरायचं नसतं. घसरत घसरत चेंडूपाशी पोहोचायचं आणि पाय थांबता थांबता रॅकेट लागली पाहिजे. आधी मारलंत आणि मग घसरलात, तर मध्यावर परत यायला दोन पावलं जास्त पडतात, आणि तेवढ्यात समोरच्याने रिकाम्या बाजूला टाकलेला असतो. हे पन्नासदा करून, चार वेळा बुडावर आपटून, कोपर खरचटून येतं. सांगून येत नाही.

मला हे ज्यांनी शिकवलं ते आमच्या जिमखान्याचे माळी होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सावंतवाडीकडचे. रॅकेट त्यांनी कधी हातात धरली नाही, पण कोर्ट त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. दुपारी तीनला पाणी मारायचे. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बारीक फवारा करायचे, कारण धार पडली की तिथे खळगा होतो. पाणी जिरेपर्यंत कोणालाही आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत, मग ते जिमखान्याचे अध्यक्ष असोत. त्यानंतर गोणपाट ओढायचं, बाहेरून आत, गोल गोल. मग लाइनी. शेवटी काका एक टाच मातीत दाबायचे आणि उचलून बघायचे. ठसा स्पष्ट उमटला आणि टाचेला माती लागली नाही, की कोर्ट तयार. आजही मी मातीच्या कोर्टावर गेलो की पहिल्यांदा टाच दाबून बघतो.

आणि दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला कोर्ट नव्याने उभं राहायचं. चार महिन्यांच्या पावसाने वर शेवाळ, कडेला गवत. आधी तो थर खरवडून काढायचा. मग लाल माती चाळायची, त्यात विटांची भुकटी मिसळायची, पसरायची, भिजवायची, रोलर फिरवायचा. पुन्हा भिजवायची, पुन्हा रोलर. आठ-दहा दिवस चालायचं हे. आम्ही पोरं शाळेला दांडी मारून चाळणी धरायला जायचो. घरी गेल्यावर आई मोज्यांचा रंग बघून ओरडायची. ते मोजे कितीही धुतले तरी पांढरे होत नसत.

आता समित्यांचं म्हणणं काय असतं ते मला पाठ आहे, आणि ते खोटं नाही. पावसाचे चार महिने मातीचं कोर्ट बंद राहतं. सिंथेटिक तासाभरात कोरडं होतं. माळी मिळत नाहीत. रोज पाणी, रोज मेहनत. सभासद संध्याकाळी ऑफिसातून सुटून येतात, त्यांना लगेच खेळायचं असतं. हे सगळं मान्य.

पण एक गोष्ट बघा. पॅरिसमध्येही पाऊस पडतो, आणि भरपूर पडतो. तिथली कोर्ट तग धरतात ती खालच्या बांधणीमुळे. आपल्याला टीव्हीवर जी लाल माती दिसते ती विटांची भुकटी, आणि तिचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याखाली चुनखडी, त्याखाली जळक्या कोळशाची कच, मग खडी, मग दगड, असं सगळं मिळून सुमारे ८० सेंटीमीटर. पाणी वर साचत नाही, खाली उतरून जातं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुरमावर नुसती माती दाबलेली असते, म्हणून एक सर आली की चिखल. सिंथेटिकसाठी आपण जो पैसा काढणार आहात, त्यातला काही पैसा जमिनीखाली घाला. निचरा नीट झाला तर जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरअखेरपासून खेळता येईल. चारचे साडेतीन महिने झाले तरी खूप झालं. आणि साठीतल्या सभासदांना विचारा की दोन तास खेळल्यावर गुडघे कुठे कमी बोलतात. माझ्याकडे सकाळी येणारे एक आजोबा बहात्तर वर्षांचे आहेत. हार्ड कोर्टवर आठवड्यातून दोन दिवस खेळतात. माती होती तेव्हा सहा दिवस यायचे.

दुसरं एक. एकदा हार्ड कोर्ट झालं की ते टेनिसचंच राहील याची हमी नसते. वर्ष-दोन वर्षांत त्यावर पिकलबॉलच्या, म्हणजे छोट्या कोर्टवर बॅटने खेळायच्या नव्या खेळाच्या, रेघा येतात. पिकलबॉलशी माझं वैर नाही, लोक खेळतात, चांगलं आहे. पण डांबर एकदा पडलं की तिथे पुन्हा माती आणायला कोणी जात नाही. मी तरी आजवर बघितलेलं नाही.

कुस्तीचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. खाशाबा जाधव तांबड्या मातीत तयार झाले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षं खपले आणि १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. तळ बदलला की खेळ बदलतो, आणि तो पायांना आधी शिकवावा लागतो, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणूनच महाराष्ट्र केसरीत आजही माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. गादी आली म्हणून कोणी आखाडे बुजवा म्हणालं नाही. टेनिसमध्ये आपण मात्र आखाडाच बुजवत चाललो आहोत.

याची किंमत आपण पूर्वी मोजलेली आहे. १९८७ साली भारत डेव्हिस कपच्या, म्हणजे देशादेशांच्या संघांमधल्या टेनिस स्पर्धेच्या, फायनलला पोहोचला. विजय अमृतराज, रमेश कृष्णन, आनंद अमृतराज. सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात, सिडनीत, हिरवळीवर हरवून आलेला संघ. फायनल स्वीडनमध्ये. तेव्हा यजमानांना कोर्ट निवडायचा हक्क असायचा. डिसेंबरचा महिना, बाहेर बर्फ, आणि स्वीडनने गोथेनबर्गच्या बंदिस्त स्टेडियममध्ये चक्क माती टाकून क्ले कोर्ट केलं. आपली दुखरी नस त्यांना बरोबर माहीत होती. ५-० हरलो. मी तेव्हा मार्कर होतो. पेपरात निकाल वाचून काका फक्त एवढंच म्हणाले, "माती टाकली त्यांनी." पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

मातीवर आपल्या लोकांना जमतच नाही, असंही नाही. १९९३मध्ये याच डेव्हिस कपमध्ये आपण फ्रान्सला त्यांच्याच देशात, फ्रेज्यूसच्या क्ले कोर्टवर हरवलं. रमेश कृष्णनची कारकीर्द संपत आलेली, लिअँडर पेसची नुकती सुरू झालेली. महेश भूपती १९९७ला फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकला, ग्रँड स्लॅम जिंकणारा तो पहिला भारतीय. १९९९ला पेस आणि भूपती तिथलीच पुरुष दुहेरी जिंकले. एकेरीत मात्र गाडी अडते. दुहेरीत सर्व्हिस आणि व्हॉलीवर माणूस तरून जातो. एकेरीत मातीवर बेसलाइनच्या मागे उभं राहून एकेक पॉइंट बांधावा लागतो. २०१३ला सोमदेव देववर्मनने फ्रेंच ओपनची पहिली फेरी जिंकली आणि दुसऱ्या फेरीत समोर फेडरर आला. पुढे युकी भांब्री, प्रज्ञेश गुणेश्वरन, सुमित नागल असे आपले खेळाडू मुख्य फेरीत गेले आणि पहिल्याच सामन्यात हरून परत आले.

सुमित नागलबद्दल मला विशेष सांगायचं आहे, कारण माझी सगळी मागणी त्याच्या एका उदाहरणात आहे. हरयाणातल्या झज्जर जिल्ह्यातला मुलगा. एप्रिल २०२४मध्ये माँटे कार्लोच्या मातीवरच्या मोठ्या स्पर्धेत पात्रता फेरी खेळून मुख्य फेरीत आला, इटलीच्या मात्तेओ अर्नाल्दीला पहिला सेट हरल्यावर हरवलं आणि त्या स्पर्धेत एकेरीचा मुख्य फेरीचा सामना जिंकणारा पहिला भारतीय झाला. पुढच्या फेरीत होल्गर रूनकडूनही एक सेट काढला. त्याच जुलैत जागतिक क्रमवारीत ६८वा. चॅलेंजर म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या खालच्या पायरीच्या स्पर्धा. त्याच्या सहा चॅलेंजर विजेतेपदांपैकी चार मातीवरची आहेत: ब्युनोस आयर्स, रोम, टाम्पेरे, हाइलब्रॉन. तो मातीवर वाढला, पण कुठल्या? जर्मनीच्या. तिथे राहून, तिथल्या अकादमीत. २०२३मध्ये त्याने उघडपणे सांगितलं होतं की बँकेत जेमतेम ९०० युरो उरले आहेत. देशातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूची ही अवस्था. आपल्या मुलांना मातीची सवय हवी असेल तर त्यांनी घरदार विकून युरोपात जायचं, असा याचा अर्थ होतो.

माझा एक विद्यार्थी असाच तुर्कस्तानात अंताल्याला गेला होता. तिथे आठवड्यामागून आठवडा क्ले कोर्टवर पुरुषांच्या छोट्या स्पर्धा होतात. वडिलांनी पीएफमधून पैसे काढले. तीन आठवडे, तीन स्पर्धा. मुलगा चांगला, सर्व्हिस जोरदार, फोरहँड सपाट आणि वेगवान. इथल्या हार्ड कोर्टवर त्याच्या फोरहँडला हात लागत नाही. पहिल्या आठवड्यात पात्रता फेरीत पहिल्याच सामन्यात ६-१, ६-२ असा हरला. रात्री फोन आला. रडत नव्हता, गोंधळला होता. म्हणाला, "सर, माझे विनर परत येत होते." विनर म्हणजे समोरच्याला पोहोचताच येऊ नये असा फटका.

मातीचं सगळं त्या एका वाक्यात आलं. चेंडू टप्पा घेताना मातीला घासतो, वेग मरतो आणि उंच उठतो. हार्ड कोर्टवर जो पॉइंट संपला असता तो मातीवर अर्धाच झालेला असतो. मग आणखी एक मारावा लागतो, आणखी एक, आणि तो प्रत्येक खांद्याच्या वर उडालेला. धीर धरावा लागतो, टॉपस्पिन लागतो, ड्रॉप शॉट लागतो, दम लागतो. त्या मुलाकडे हे नव्हतं, कारण मी त्याला ते कधी दिलंच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तो एक सामना जिंकला. परत आल्यावर म्हणाला, आणखी दोन महिने राहिलो असतो तर जमलं असतं. पण पैसे संपले होते. तो आता एका कंपनीत नोकरी करतो.

मातीवरची अशी छोटी स्पर्धा मुंबईत का होऊ नये? व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एम१५. एकूण बक्षीस १५ हजार डॉलर, विजेत्याला क्रमवारीचे १५ गुण. फ्रेंच ओपनच्या विजेत्याला २ हजार गुण मिळतात, पण त्या २ हजारांकडे जाणारा रस्ता या पंधरापासून सुरू होतो. यजमानांकडे वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता थेट प्रवेश देण्याच्या जागा, असतात, म्हणजे आपली चार मुलं घरचं जेवून, लोकलने येऊन, व्यावसायिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळू शकतील. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईइतकी कोरडी, भरवशाची हवा क्ले कोर्टला आणखी कुठे मिळणार? तेव्हा युरोपात बहुतेक ठिकाणी बाहेर खेळायची सोय नसते.

या शहराला स्पर्धा भरवता येतात हे सिद्ध झालेलं आहे. २००६ आणि २००७ला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक टूरची, म्हणजे एटीपीची, स्पर्धा झाली, पुढे तिथेच महिलांच्या डब्ल्यूटीए टूरची १२५ पातळीची स्पर्धा झाली. पुण्यात बालेवाडीला एटीपीची २५० पातळीची स्पर्धा झाली. मी यातल्या बऱ्याच बघितल्या आहेत, उभं राहून टाळ्या वाजवल्या आहेत. या सगळ्या हार्ड कोर्टवर. संयोजकांना माझं हात जोडून सांगणं आहे की मोठी स्पर्धा आणण्यासाठी जी धावपळ आपण करता, तिचा दहावा हिस्सा या छोट्या स्पर्धेसाठी करा.

एकट्या जिमखान्याला हे झेपणार नाही याची मला कल्पना आहे. कुठे दोन कोर्ट उरली आहेत, कुठे तीन. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी सलग चार कोर्ट मातीची ठेवावीत. बाकीच्यांनी त्या स्पर्धेपुरते आपले माळी, रोलर, जाळ्या द्याव्यात. क्रिकेटच्या मैदानांसाठी आपले जिमखाने एकमेकांना अशी मदत वर्षानुवर्षं करत आले आहेत.

आणखी एक छोटी गोष्ट, कदाचित आपल्याला किरकोळ वाटेल. मातीवर चेंडूचा ठसा राहतो. बाहेर पडला की आत, हे जमिनीवरच लिहिलेलं असतं. आता एटीपीच्या स्पर्धांत क्ले कोर्टवरही यंत्राने निर्णय देतात, पण आमच्याकडे यंत्रं नाहीत, पंचही नसतात. लहान मुलांच्या सामन्यात वाद झाला की दोघं जाळीपाशी येतात, एकजण पलीकडे जातो, दोघं वाकून ठसा बघतात. मी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना, स्वतःचा पॉइंट जात असताना, ठशाभोवती रॅकेटने गोल काढून "आत आहे" म्हणताना बघितलं आहे. हार्ड कोर्टवर त्याच मुलांचं भांडण आईबापांपर्यंत जातं.

माझ्या जुन्या जिमखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे. मी सभासद नाही, त्यामुळे मला तिथे बोलता येणार नाही. जे सभासद हे वाचतील त्यांना विनंती आहे की प्रस्ताव फेटाळता येत नसेल तर निदान दिवाळीपर्यंत पुढे ढकला. पाऊस ओसरला की त्या तीन कोर्टांपैकी एक मी आणि माझी मुलं तयार करतो. माती आम्ही चाळू, रोलर आम्ही ओढू, मजुरी नको. काका आता गावी असतात, नजर अधू झाली आहे, पण फोनवर सगळं सांगतात, पाणी किती वेळ मारायचं ते सुद्धा. मी त्यांना विचारून ठेवलं आहे. कोर्ट तयार झालं की एका रविवारी सकाळी सात वाजता या. बूट सपाट तळव्याचे घाला. त्या तेरा वर्षांच्या मुलीला मी अजून घसरायला शिकवलेलं नाही. ते त्या दिवशी शिकवणार आहे.

आपला नम्र,
एक टेनिस प्रशिक्षक
परळ, मुंबई